छप्पन्न ते एकसष्ट

ताशी ५६ मैलांना ते सुरू होतं आणि ६१ला संपतं. मधल्या पाच मैलांत बैठकीखाली, पायाखालच्या पत्र्यात आणि दोन्ही कानांत एक जाडसर गुणगुण भरून राहते. ५८ला ती कळसाला पोचते. किलोमीटरमध्ये सांगायचं तर ९० ते ९८. पुढे ६५ला गाडी शांत, ७०ला त्याहून शांत. वेगाबरोबर चढतच जाणारं कंपन आणि एका ठरावीक वेगाला येऊन निघून जाणारं कंपन ही दोन वेगळ्या जातींची दुखणी आहेत. पहिलं बहुतेकदा कशाच्या तरी असमतोलाचं असतं, आणि असमतोलाचं बल वेगाच्या वर्गाने वाढतं. ते मधेच मन बदलून थांबत नाही. दुसऱ्यात ढकलणारा एक असतो आणि थरथरणारा दुसराच. दोघांना सुटंसुटं तपासलं तर दोघेही ठणठणीत निघतात. अशी केस समोर आली की मला आनंद होतो. गाडीच्या मालकाला तो दिसू न देणं हा माझ्या धंद्यातला शिष्टाचार आहे.

गाडी १९७२ची शेवरोले सी-१० पिकअप, चेयेन मॉडेल, मोहरीच्या रंगाची. आठ फुटी हौदा, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर १२७ इंच. मालकाच्या वडिलांनी ती नवी घेतली होती, सुतारकामाची लाकडं वाहायला. आज अमेरिकेत या पिढीच्या, म्हणजे १९६७ ते ७२ च्या शेवरोले पिकअपना भलताच भाव आहे, पण तो आखूड हौद्याच्या गाड्यांना. त्यामुळे लांब गाडी घेऊन तिची चॅसी कापायची, मधले बारा इंच काढून टाकायचे, पुन्हा वेल्डिंग करायचं आणि ११५ इंचांची करून टाकायची असा इथे एक सर्रास उद्योग चालतो. या मालकाने ते करायला साफ नकार दिला. वडिलांच्या आठ फुटी फळ्या ज्या हौद्यात सपाट बसत, तो हौदा तसाच राहणार. बाकी मात्र त्याने काही ठेवलं नाही. मूळ इंजिन काढून २००० नंतरच्या सिल्व्हरॅडोमधलं ५.३ लिटरचं व्ही-८ आलं, त्यामागे चार गिअरचा ४एल६०ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. गाडी पुढून चार इंच, मागून सहा इंच खाली बसवली. दोन सायलेन्सर, त्यांच्या दोन सरळ नळ्या, आणि चॅसीच्या पोटात एअर सस्पेन्शनची टाकी. इंजिन एकाने बसवलं, सस्पेन्शन दुसऱ्याने, गिअरबॉक्सपासून मागच्या धुऱ्यापर्यंत जाणारा प्रॉपेलर शाफ्ट तिसऱ्याने बनवला, सायलेन्सरच्या नळ्या चौथ्याने वाकवल्या. चौघेही आपापल्या कामात वाकबगार. खाली झोपून बघितलं की वेल्डिंगची एकेक ओळ हेवा वाटावा अशी.

मालकाकडे बिलांची फाइल होती. तिच्यात संशयितांची पूर्ण परेड होऊन गेलेली. टायरचं बॅलन्सिंग, मग भार देऊन चाचणी घेणाऱ्या यंत्रावर पुन्हा बॅलन्सिंग, मग नवे टायर. इंजिनाची रबरं बदलली. टॉर्क कन्व्हर्टर बदलला. शाफ्टच्या टोकांचे दोन्ही क्रॉस, म्हणजे सांधे, नवे घातले, शाफ्ट बॅलन्सिंग यंत्रावर फिरवून आणला आणि तो उत्तम असल्याचा छापील कागदही आणला. मागच्या धुऱ्याची बेअरिंगं बदलली. गुणगुण जिथल्या तिथे.

मी मूळची कोल्हापूरची. वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात शेतीपंपांची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्याचं वर्कशॉप होतं. तिथले मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आवाज ऐकत. मीही ऐकायला बसे आणि ऐकलं की लगेच बोट दाखवे. एकदा ते म्हणाले, "पोरी, आवाज कुठनं येतोय ते मागनं बघ. कशाबरोबर वाढतोय ते आधी बघ." पुढे पुण्यात इंजिनिअरिंग झालं, डेट्रॉइटच्या परिसरात नोकरी लागली, आणि पोटापाण्याचा विषय झाला तो 'एन.व्ही.एच.', म्हणजे नॉइज, व्हायब्रेशन, हार्शनेस. गाडीचा आवाज, कंपन आणि खरखर. यंत्रं महाग आली, संगणकाच्या पडद्यावर रंगीत डोंगर दिसायला लागले. पद्धत मात्र मिस्त्रींचीच. कंपन कुठे जाणवतं याला फारशी किंमत नाही. धातूच्या सांगाड्यातून ते कुठेही पोचतं. मागच्या धुऱ्यात जन्मलेलं कंपन आरशात दिसतं, दाराच्या हँडलमध्ये वाजतं, बैठकीत बसतं. विचारायचं ते एवढंच, की ते कोणाच्या फेऱ्यांशी बांधलेलं आहे?

गाडीत फिरणाऱ्या गोष्टी थोड्याच असतात आणि प्रत्येकीचा फिरण्याचा वेग नुसत्या पेन्सिलीने काढता येतो. या गाडीचे टायर २८ इंच उंचीचे, एका मैलाला साधारण ७४० फेरे घेणारे. ५८ मैलांना चाक सेकंदाला १२ फेरे मारतं. मागच्या डिफरन्शियलमध्ये क्राउनला ४१ दाते, पिनियनला ११, म्हणजे ३.७३ चं प्रमाण. तेव्हा प्रॉपेलर शाफ्ट सेकंदाला ४४ ते ४५ फेरे. चौथ्या गिअरचं प्रमाण ०.७०, तेव्हा इंजिन सेकंदाला ३१. आठ सिलिंडरच्या चारधावी इंजिनात एका फेऱ्याला चार स्फोट, म्हणजे १२४. हे चार-पाच आकडे कागदावर लिहिले की निम्मा गुंता तिथेच सुटतो. कंपनाची वारंवारता मोजायची आणि ती कोणाच्या आकड्याशी जुळते ते बघायचं. शरीरालाही याचा अंदाज असतो. सेकंदाला १२ वेळा होणारी हालचाल हातातल्या स्टिअरिंगमध्ये डोळ्यांना दिसते, ४५ची बैठकीत मुंग्या आणते, ९०च्या आसपासची कानाला ऐकूच येते. मालक 'गुणगुण' म्हणत होता, 'हादरा' म्हणत नव्हता. तेव्हाच मी टायरांना मनातून निर्दोष सोडलं होतं.

पण फाइलमध्ये एक पुरावा टायरांच्या विरुद्ध होता, आणि तो चांगलाच भारी दिसत होता. मालकाच्या कॉलेजात जाणाऱ्या नातवाने मोबाइल बैठकीच्या लोखंडी पट्टीला चिकटवून, त्यातल्या कंपनमापकाने आलेख काढला होता. आलेखात सुळका होता ११ वर. टायरचा १२, सुळका ११. थोडं इकडे-तिकडे धरलं तर आरोप सिद्ध. नवे टायर त्याच आलेखावरून घेतले गेले होते.

पोराने काम नीट केलं होतं, हे मी पहिल्यांदा सांगते. पण बरेच मोबाइल हे माप सेकंदाला १०० वेळाच टिपतात. सेकंदाला १०० वेळा बघणाऱ्याला ५० पर्यंतचीच हालचाल खरी दिसते. त्यापुढची हालचाल नाहीशी होत नाही, ती खोटं नाव घेऊन खालच्या आकड्यांत येऊन बसते. ८९ असेल तर १०० वजा ८९, म्हणजे ११ वर दिसते. जुन्या चित्रपटात घोडागाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं तेही याच कारणाने. त्याच्या आलेखांचा गठ्ठा चाळताना मला हवी ती खूण सापडली. वेग ५७ वरून ६० कडे गेला तसा सुळका वर सरकण्याऐवजी खाली सरकला होता. जगातला कुठलाही टायर गाडी जोरात पळाल्यावर हळू फिरत नाही. मी नातवाला हे दाखवलं तेव्हा त्याचे डोळे असे चमकले, की पोरगं या धंद्यात येणार की काय अशी मला भीती वाटली.

मग रस्ता. मिशिगनमध्ये कंपन मोजायला रस्ता शोधणं हे अर्धं काम. हिवाळ्यात पाणी भेगांत शिरून गोठतं, फुगतं, वसंतात रस्त्याची चाळण होते. ठिगळांची आणि काँक्रीटच्या सांध्यांची स्वतःचीच लय असते आणि ती मापात घुसते. पाँटिॲकच्या उत्तरेला, रविवारी सकाळी लवकर, एक बऱ्यापैकी गुळगुळीत पट्टा मिळाला. माझं मापक सेकंदाला दोन हजारांहून जास्त वेळा बघतं. सुळका ८९ वर होता. तिथे ११ वर काहीसुद्धा नव्हतं.

८९ भागिले १२ केलं तर साडेसातच्या जवळपास येतं. टायर, चाक, ब्रेक ड्रम, ॲक्सल यांची कंपनं त्यांच्या फेऱ्यांच्या पूर्ण पटीत येतात, एकदा, दोनदा, तीनदा. साडेसातदा येत नाहीत. पण ४१ भागिले ११, त्याची दुप्पट, म्हणजे ७.४५. शाफ्टच्या एका फेऱ्यात बरोबर दोन धक्के. असमतोल असलेला शाफ्ट एका फेऱ्यात एकच धक्का देतो, म्हणून तो कितीही वेळा बॅलन्स करून आणला असता तरी काही फरक पडणार नव्हता. तो छापील कागद खरा होता आणि निरुपयोगी होता.

इंजिनावरचा संशयही इथेच मिटवायचा होता, कारण तो अगदीच पोकळ नव्हता. ५८ला ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गुणगुण एकदम ओसरत होती, न्यूट्रलमध्ये टाकलं की नावाला उरत होती. साहजिकच आधीच्या कारागिरांनी इंजिनाची रबरं आणि कन्व्हर्टर बदलले. मी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकवून त्याच ५८ला नेली. इंजिनाचे फेरे मिनिटाला १,८६७ वरून २,६६७ झाले. गुणगुण होती तिथेच, तेवढीच. तिला इंजिनाच्या फेऱ्यांशी देणंघेणं नव्हतं, इंजिनाच्या जोराशी होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि हा फरक न केल्यामुळे त्या फाइलमधली सगळ्यात मोठी बिलं झाली होती.

एका फेऱ्यात दोन धक्के देणारी वस्तू या गाडीत एकच: शाफ्टच्या दोन टोकांचे युनिव्हर्सल जॉइंट, आपल्याकडचे ट्रकवाले ज्याला नुसतं 'क्रॉस' म्हणतात ते. कल्पना जुनी. सोळाव्या शतकातल्या इटलीच्या कार्दानोचं नाव तिला चिकटलंय, सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने तिचा अभ्यास केला, आणि क्लॅरेन्स स्पायसरने मोटारगाडीसाठी तिचं पेटंट १९०३ मध्ये घेतलं. तोवर बऱ्याच गाड्यांची मागची चाकं सायकलसारखी साखळीवर चालत. या जोडणीत एक जन्मजात खोड आहे. दोन दांडे कोनात असताना पहिला एकसारख्या वेगाने फिरला तरी दुसरा एका फेऱ्यात दोनदा किंचित पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन २.५ अंशांचा असेल तर हा चढउतार हजारात एकाच्या घरात. कोन दुप्पट केला तर जवळपास चौपट. त्यावरचा उतारा म्हणजे दुसऱ्या टोकाला तेवढ्याच कोनाचा दुसरा क्रॉस लावायचा. पुढच्याने केलेला घोटाळा मागचा निस्तरतो.

इथे माझी अपेक्षा होती की कोन चुकलेले असणार. या पिढीच्या सी-१०च्या मागच्या धुऱ्याला सहसा पाटे नसतात. दोन लांब ट्रेलिंग आर्म पुढे चॅसीच्या मध्याकडे जाऊन एका आडव्या पट्टीला जोडलेले असतात आणि वर कॉइल स्प्रिंग. सुरेख रचना आहे. नॅसकारच्या शर्यतीच्या गाड्यांनी ती 'ट्रक आर्म' या नावाने अनेक दशकं वापरली. पण धुरा या आर्मना घट्ट आवळलेला असल्यामुळे गाडी खाली बसवली की धुरा वर जाताना स्वतःभोवती वळतोही. चारेक फुटांचा आर्म, मागून सहा इंच खाली बसवलेली गाडी, म्हणजे पिनियनचं नाक सातेक अंशांनी खाली. गाडी खाली बसवणाऱ्या निम्म्या लोकांना हे माहीत नसतं.

ज्याने ही गाडी बसवली त्याला माहीत होतं. आर्म आणि धुऱ्याच्या मध्ये त्याने तिरप्या पाचरी घालून नाक पुन्हा वर उचललं होतं. गाडी चाकांवर उभी राहील अशा लिफ्टवर घेतली, कारण चाकं लोंबकळती ठेवून घेतलेला कोन हा दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा असतो. मोजलं. गिअरबॉक्सचं शेपूट ३.५ अंश खाली, शाफ्ट १ अंश खाली, म्हणजे पुढच्या क्रॉसवर २.५ अंश. पिनियनचं नाक ३.२ अंश वर, म्हणजे मागच्या क्रॉसवर २.२ अंश. फरक ०.३. पुस्तकं म्हणतात कोन तीन अंशांच्या आत ठेवा, दोन टोकांतला फरक एका अंशाच्या आत ठेवा, आणि अर्ध्या अंशाहून कमी करू नका, नाहीतर क्रॉसमधल्या सुया हलत नाहीत आणि एका जागी खड्डा पाडतात. तिन्ही अटी पाळलेल्या. दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे काटे, एकाच पातळीत. इंजिन चॅसीत वाकडं बसलंय का तेही वरून लोलक सोडून बघितलं, सरळ होतं. डायल गेज लावून शाफ्ट हाताने फिरवला, सुई दहा थाऊच्या, म्हणजे इंचाच्या दहा हजारांशांच्या, आत हलली. गुन्ह्याच्या जागी सगळे हजर आणि प्रत्येकाकडे सबळ पुरावा की मी नाही.

मी तिथे बराच वेळ शाफ्टकडे बघत उभी राहिले. लांब होता. फार लांब.

कारखान्यातून ही गाडी निघाली तेव्हा तिच्यात दोन तुकड्यांचा शाफ्ट होता, मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग आणि ते धरायला चॅसीला एक आडवी पट्टी. एअर टाकी आणि दोन सरळ नळ्यांना ती पट्टी आड येत होती. शिवाय गाड्यांच्या प्रदर्शनात लोक आरसा घालून खालून बघतात. मधलं ते लटकलेलं बेअरिंग दिसायला काही सुंदर नव्हे. पट्टी काढली, आणि तीन इंच व्यासाच्या पोलादी नळीचा, दोन क्रॉसमध्ये साठ इंच लांबीचा एकसंध शाफ्ट करून घेतला. शाफ्ट बनवणाऱ्याने आपलं गणित केलं होतं. दोन टोकांना धरलेली नळी एका ठरावीक वेगाला मधे धनुष्यासारखी वाकून भोवंडू लागते. त्याला क्रिटिकल स्पीड म्हणतात. या नळीसाठी तो येतो मिनिटाला साधारण ५,४०० फेरे. पाऊणपट, म्हणजे चार हजारांपर्यंत चालवायला हरकत नाही. ७५ मैलांनाही शाफ्ट ३,४५० च्या वर जात नाही. सुरक्षित. त्याच्या जागी मी असते तर मीही सही केली असती.

फक्त ५,४०० ला निम्मं करून बघितलं तर २,७०० येतात. आणि ५८ मैलांना शाफ्ट २,६६७ फेऱ्यांवर असतो.

नळीला सेकंदाला ९०च्या आसपास थरथरण्याची स्वतःची ओढ आहे. ती ओढ जागी करायला शाफ्टने त्या वेगाने फिरावंच लागतं असं नाही. कोणीतरी तिच्या सुरात तिला बोलावलं की पुरे. क्रॉस एका फेऱ्यात दोनदा ढकलतो, म्हणून शाफ्ट निम्म्याच वेगाला असताना हाक जाते ती बरोबर तिच्या सुरात, आणि सतारीवर एक तार छेडली की खालची त्याच सुराची तरफ कोणी हात न लावता बोलू लागते तसा तो शाफ्ट बोलायला लागतो. पोलादी नळीत हे जिरवायला काही नसतं. रबर नाही, तेल नाही. थोडक्या ढकलण्यावर ती खूप डोलते.

पण कोन तर जुळलेले होते, मग ढकलणं उरलं कुठून? पुढच्या क्रॉसचा घोटाळा मागचा निस्तरतो तो पिनियनपुरता. मधल्या शाफ्टला तो भोगावाच लागतो. शिवाय वाकलेल्या सांध्यातून पिळाचा जोर पुढे जाताना त्यातला एक हिस्सा शाफ्टला वाकवायला बघतो, तोही एका फेऱ्यात दोनदा, आणि इंजिन जेवढं ओढेल तेवढा जास्त. म्हणून पाय काढला की गुणगुण ओसरायची. कोन सारखे ठेवून हा जोर जात नाही. कोन लहान केले तर कमी होतो, एवढंच. 'कोन बरोबर आहेत' हे वाक्य ऐकून बरेच हुशार लोक मागे फिरतात, कारण नियम कशापुरता केला होता हे नियमात लिहिलेलं नसतं.

सुसंगत गोष्ट रचणं सोपं असतं आणि मला अशा गोष्टींचा मोह पटकन होतो, म्हणून पडताळा हवा होता. आधी उभ्या गाडीच्या शाफ्टवर मध्यभागी मापक चिकटवून रबरी हातोडीने ठोकलं. नव्वदच्या किंचित खाली सूर लागला. हे चांगलं, पण पुरेसं नाही. चाचणी अशी हवी की माझं म्हणणं खोटं असेल तर ते उघडं पडावं. दोन सारख्या अर्धगोल तुकड्यांचा, साधारण एक पौंड वजनाचा पोलादी कॉलर शाफ्टच्या बरोबर मध्यावर आवळला. वजन दोन्ही बाजूंना सारखं, त्यामुळे असमतोल येत नाही, पण नळीचा सूर उतरतो. किती, ते आधी कागदावर लिहून मालकाच्या हातात दिलं: दहा टक्क्यांच्या आत-बाहेर. म्हणजे कळस ५८ वरून ५३च्या आसपास यायला हवा. टायर, इंजिन, डिफरन्शियल यांपैकी कोणाचाही दोष असता तर नळीवर पौंडभर लोखंड बांधून वेग बदलण्याचं कारण नव्हतं. गाडी रोलरवर चढवली, खाली कोणी नाही याची खात्री केली, आणि मालकालाच चालवायला बसवलं. ५३च्या थोडं अलीकडे गुणगुण आली, आणि ५८ला काही नाही. तो काही बोलला नाही. त्याने पुन्हा वेग कमी केला आणि पुन्हा वाढवला.

यात दोषी कोण, असं त्याने नंतर विचारलं. बिलांची फाइल त्याच्या मांडीवर होती आणि त्याला कोणाकडून तरी पैसे परत मागायचे होते. मी त्याला नाव देऊ शकले नाही. नळी चांगली, क्रॉस चांगले, कोन नियमात, क्राउन-पिनियनचं ३.७३ हे अगदी नेहमीचं प्रमाण. यातली एक गोष्ट वेगळी असती तर हे झालं नसतं. डिफरन्शियल ३.०७ चं असतं तर हाच कळस ७० मैलांच्या आसपास गेला असता आणि तक्रारही वेगळी झाली असती. दुखणं कुठल्याच भागात नव्हतं. दोन भागांच्या मधल्या मोकळ्या जागेत होतं, आणि त्या जागेचं बिल कोणीच केलेलं नव्हतं.

कारखान्यात त्या जागेसाठी माणसं पगारावर असतात. मी त्यांतलीच. आमच्याकडे प्रत्येक नव्या गाडीचा एक तक्ता असतो: इंजिन कुठल्या वेगाला काय देतं, शाफ्ट काय देतो, आणि छप्पर, स्टिअरिंगची दांडी, आरसे, बैठक यांची प्रत्येकाची थरथरण्याची ओढ कुठे आहे. दोन ओळी एकमेकींवर आल्या की भांडणं होतात, बैठका होतात, कोणाचा तरी कंस दोन मिलिमीटरनी जाड होतो. इथून जवळच मिलफर्डला जनरल मोटर्सचं चाचणी मैदान १९२४ पासून आहे. तिथे माणसं वर्षानुवर्षं गाड्या चालवतात, ऐकतात, परत पाठवतात. १९७२च्या या पिकअपच्या पोटातलं ते कुरूप सेंटर बेअरिंग कोणीतरी विचार करून ठेवलेलं होतं. त्याचं कारण गाडीवर कोरलेलं नसतं. ज्याने पट्टी काढली त्याला ती नुसती अडचण दिसली, आणि मला त्याला दोष देववत नाही. स्वतःच्या मर्जीने गाडी घडवायची हौस करायची तर तो तक्ता करायला माणूस मिळत नाही. मिळाला तरी त्याचं बिल बघून हौस फिटेल.

आता उपाय. मालकाच्या मित्रमंडळींचा कौल अॅल्युमिनियमच्या साडेतीन इंची शाफ्टला होता. हलका, चकचकीत, महाग. सगळं जमून आलेलं. हलका म्हणून चांगला हा समज या क्षेत्रात घट्ट बसलाय. अॅल्युमिनियम पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं जड, पण ताठरपणातही तिसरा हिस्साच. नळीचा सूर या दोन्हींच्या गुणोत्तरावर ठरतो, आणि ते गुणोत्तर दोन्ही धातूंत जवळपास सारखं आहे. फायदा होतो तो व्यासाचा. आणि व्यास अर्ध्या इंचाने वाढवून सूर जेवढा चढतो तेवढ्यात कळस ५८ वरून ६८च्या आसपास जातो. मिशिगनच्या महामार्गांवर बहुतेक ठिकाणी मर्यादा ७० मैलांची आहे. ५८ला माणूस क्वचित रेंगाळतो. ६८ला तो तासन्‌तास बसतो. पैसे मोजून त्रास राहत्या घरात आणायचा. चार इंची नळीने कळस ७७च्या आसपास गेला असता, पण खाली बसवलेल्या गाडीत ती गाडीच्या तळातल्या कोनाड्यात आणि सायलेन्सरच्या नळ्यांच्या मध्ये मावत नव्हती. कार्बन फायबरची नळी खरोखर उपयोगाची, तिचं गुणोत्तर वेगळंच आहे. किंमत ऐकून मालकाने चष्मा पुसला.

राहिला कारखान्याचाच उपाय. लांबी निम्मी केली की सूर चौपट चढतो. दोन तुकडे केले की सगळा प्रश्न कुठल्याही रस्त्याच्या वेगाबाहेर जातो. आडवी पट्टी नव्याने बनवून घेतली, नळ्यांना एक वळण दिलं, टाकी मागे सरकवली. पहिला तुकडा गिअरबॉक्सशी जवळपास सरळ रेषेत, अर्ध्या अंशाचा कोन ठेवून. मधल्या सरकत्या सांध्यावर दोन्ही तुकड्यांवर मिळून एक पांढरी रेघ ओढली, म्हणजे पुढेमागे कोणी उघडून जोडताना एक दाता इकडे-तिकडे करणार नाही. प्रदर्शनातले आरसेवाले आता काय म्हणतील याची मालकाला थोडी खंत होती.

गुणगुण गेली. आलेखात ८९ वर एक लहानसा उंचवटा उरलाय, शरीराला न कळणारा.

दोन तुकड्यांच्या शाफ्टची स्वतःची खोड असते आणि ती त्याने पहिल्याच फेरीत शोधून काढली: सिग्नलला उभं राहून जोरात निघालं की वीस मैलांच्या आत एक हलकी थरथर. सेंटर बेअरिंगचं रबर नवं आहे, जोर आला की दबतं आणि त्या क्षणी कोन बदलतो. गाडी घेऊन आला तेव्हा मी काही विचारण्याआधी त्याने सांगायला सुरुवात केली: वेग किती, गिअर कुठला, पाय किती दाबलेला, हौदा रिकामा. आणि हौद्यात प्लायवुड भरलं की थरथर जवळजवळ नाही, हेही. मी त्याला पाव इंच जाडीची पट्टी दिली आणि म्हटलं, बेअरिंगखाली घालून बघा. पण घालण्याआधी प्लायवुड ठेवून एकदा आणि काढून एकदा कोन मोजून घ्या, नाहीतर रिकाम्या गाडीचं भलं करताना भरलेल्या गाडीचं बिघडवून बसाल. कोनमापक मी त्याला उसना दिलाय. तो अजून परत आलेला नाही.